अण्णांचा निळा दिवा

ऱ्हस्व-दीर्घाची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर तर मुंग्या पळाल्यासारखं. पण अण्णांबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून या वहीत लिहिते. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. कानडी मुलखातल्या आमच्या अख्ख्या राजाजीनगरात ‘लघवी’ हा शब्द चारचौघांत त्यांच्याइतक्या प्रेमाने कुणी उच्चारला नसेल.

ते एका प्रयोगशाळेत लघवी तपासायच्या नोकरीला होते आणि घरीही तेच करायचे. मागच्या खोलीत बल्ब लावून उबदार केलेली एक लाकडी पेटी होती, शेजारी काळ्या काचेचा दिवा. लघवीत कसलीशी पूड घालून बाटली रात्रभर पेटीत ठेवायची, सकाळी खिडकीला कांबळं लावून अंधारात तिच्यावर दिवा धरायचा. लघवीला नेहमी त्रास देणारे जंतू असले तर बाटली निळी चमकते. डॉक्टरांचा रिपोर्ट यायला तीन दिवस, अण्णांचा सकाळच्या कॉफीआधी तयार. एका मुंजीत त्यांनी आहेर आणणाऱ्या प्रत्येकाला उलट एकेक रिकामी बाटली दिली. दूधवाल्यालाही सोडलं नाही. तो म्हणायचा, “अण्णा, आधी स्वल्प दूध तर घ्या.” अण्णा कानडीतून ‘बरं’ म्हणायचे, “सरी, पण उद्या माझी बाटली भरून आण.” आमच्याकडे कॉफी घ्यायला पाहुणे कचरायचे, त्यात त्यांची चूक नव्हती. सासूबाई करवादायच्या, “अरे, लोक शेजारी फुलं मागतात, तू काय मागत फिरतोस!” “आई, फुलांवरून ताप कळत नाही,” अण्णांचं उत्तर ठरलेलं.

एकदा मलाच जळजळ सुरू झाली, अंगात कणकणही होती. मी सारखी परसात जाते हे अण्णांनी ओळखलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बाटली ठेवली. “उद्या सकाळी भरून ठेव. नाव लिहू नकोस, मला कळेल.” ज्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही, त्या थोरल्या दिरांच्या हातात आपली लघवी द्यायची! सकाळी मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, नंदीला, बाटलीवर बसवलं. लहान लेकराची लघवी, तिला कसली लाज, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा बाटली उंच धरूनच बाहेर आले. “निळी! अगं, कशी लखलखतेय बघ! आजच्या आज डॉक्टरकडे जा.” ती बाटली तर नंदीची होती. नंदीला महिनाभर ताप येऊन जाऊन होता. आम्ही कधी सर्दी म्हणायचो, कधी दृष्ट. आता खरं सांगायचं तर आधी खोटं कबूल करायला हवं होतं. ते माझ्याने होईना. माझी जळजळ धण्याच्या पाण्याने थांबली होती, तेच मी तिला गुपचूप पाजत राहिले. तीन दिवस.

चौथ्या दिवशी पोर पाठ धरून किंचाळायला लागली. मी अण्णांच्या पायाशी बसले. “ती बाटली माझी नव्हती.” त्यांनी नंदीला उचललं आणि चपला न घालता रिक्षात बसले.

नंदी वाचली, पण तिची एक किडनी गेली. तीन दिवस आधी आणलं असतं तर राहिली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अण्णांनी मला विचारलं नाही.

इस्पितळाचे पैसे अण्णांनीच भरले. जुना दिवा लुकलुकायला लागला होता, परदेशी नवा घ्यायला ते कित्येक वर्षं साठवत होते, तेच ते पैसे. जुना दिवा लवकरच विझला. पेटीत सासूबाईंनी कांदे भरले. पाहुणे निर्धास्त कॉफी पिऊ लागले. मी चकल्या करून दुकानांत दिल्या आणि दर महिन्याला थोडे थोडे पैसे अण्णांसमोर ठेवत गेले.

शेवटचे ठेवले तेव्हा नंदी तेरा वर्षांची झाली होती, आणि पूर्वी डोळे वाचवायचा चष्मा न लावता त्या जहाल दिव्याकडे बघून बघून अण्णांचे दोन्ही डोळे गढूळ झाले होते.

“अण्णा, फिटले सगळे. आता दिवा आणा.”

त्यांनी नोटा चाचपल्या. “आणतो की. पण मला निळं दिसायचं नाही. बघायचं तू.”

“सरी.”

“आणि बाटली कुणाची, ते खरं सांगायचं.”

मी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते दिसलं नसावं. “सांगेन,” म्हटलं.

त्यांनी नोटा खिशात घातल्या. पैसे तेवढे फिटले.