कॅप्टनची सरासरी

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा जर्मन सहकारी बेसबॉलचा एक खेळ खेळायचा. नुसती कार्डं आणि फासे. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्यासमोर काय छापलंय ते वाचायचं. गंमत अशी, की कार्ड त्या खेळाडूच्या खऱ्या सीझनच्या आकड्यांवरून बनवलेलं असायचं. पुरेसे डाव खेळलात, तर कार्डावरचा माणूस खऱ्या माणसाइतकाच बरावाईट खेळणार. मी गाड्यांच्या ब्रेकच्या क्वालिटीत काम करणारा. मला त्या खेळाने पार वेड लावलं.

हे क्रिकेटमध्ये करू, असं माझा मित्र म्हणाला. आम्ही स्टुटगार्टला एकाच वर्षी आलो, एकाच इमारतीत राहिलो. त्याच्या मुलीच्या बारशाच्या घुगऱ्या माझ्या बायकोने केल्या होत्या. त्या शहरात भाऊ म्हणावा असा मला तो एकटाच. मराठी मंडळाच्या रविवारच्या टीमचा कॅप्टन तोच आणि स्कोअरबुक लिहिणाराही तोच. मोठ्या खेळाडूंची नावं छापायची तर परवानग्या आल्या, म्हणून तो म्हणाला, "आल्झो, तर मग पहिला सेट आपल्याच टीमचा काढू." एका दुकानदाराला खेळाची खोकी ठेवून घ्यायलाही त्याने पटवलं. विक्री त्याची, आकडे माझे.

तीन सीझनची स्कोअरबुकं मी कॉम्प्युटरात भरली आणि प्रत्येक कार्डावर हजारो डाव खेळवून बघितले. कॅप्टन म्हणून तो उत्तम, पण बॅटिंगच्या नावाने आनंदीआनंद. सरासरी नऊ. कार्डही तसंच झालं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये खेळाचं टेबल मांडलं. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने अर्थातच बाबाचं कार्ड उचललं. आउट. परत फासे टाकले, परत आउट. पोरं खिदळायला लागली, तशी ती रडवेली होऊन ओरडली, "पापा इस्ट इमर राउस!" बाबा नेहमी आउटच. हॉलभर हशा पिकला. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. मॉडेल बरोबर चाललं होतं ना!

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. चहाला हात लावला नाही. "जरा वाढव ना माझं," म्हणाला. "पंधरा कर. कोणाच्या बापाचं काय जातंय?"

"एकदा हात लावला की संपलं. मग त्यापेक्षा सापशिडी खेळा."

"अरे, लोक आकडे विकत घेत नाहीत, जिंकायला खेळ घेतात. आणि ती माझी पोरगी आहे."

"ब्रेकचे आकडे मी कोणाच्या पोरीसाठी बदलतो का?" काय तो माझा तोरा!

 तो शांतपणे म्हणाला, "स्कोअरबुक मी लिहिलंय. तुझे चार भोपळे कुठे गेले? कार्डं छापून आली त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. बोललो नाही."

कोणीही शहाणा माणूस इथे कान पकडून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "ते आउटलायर होते, अपवादाचे आकडे." आणि मला खरंच तसं वाटत होतं. एकदा अंगात ताप होता, एकदा पीच ओलं होतं. ऑफिसात अशी मोजमापं आम्ही कारण लिहून बाजूला काढतो. मीही कारणं लिहिली होती, एक्सेलच्या शेवटच्या कॉलममध्ये. त्याच्या एकाही आउटला कारण शोधावं, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

"मग माझे तिन्ही सीझन आउटलायर धर की," म्हणत तो उठला. एक शब्द गोड बोललो असतो तरी तो परत बसला असता. मी म्हणालो, "तुझं सॅम्पल पुरेसं मोठं आहे."

खोकी दुकानात गेलीच नाहीत. पुढे जिन्यात भेटलो की नुसतं हॅलो. वर्षभरात त्याने वोल्फ्सबुर्गला नोकरी धरली. निघताना वहिनी वर येऊन निरोप घेऊन गेल्या. तो खाली गाडीत बसून राहिला.

त्यानंतर एका रविवारी मी ते चारही भोपळे परत घातले. माझी सरासरी आली दहा, त्याच्यापेक्षा एकच जास्त. एका धावेसाठी मी एवढा तोरा मिरवला होता! त्याला सांगावं म्हणून फोन लावला. मुलीने उचलला. मी मराठीत बोललो, तिने जर्मनमध्ये विचारलं, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. ती आत जाऊन आली आणि नीट, शिकवल्यासारखं म्हणाली, पापा घरी नाहीत. तिच्या मागून त्याचा आवाज येत होता, तो वहिनींना विचारत होता, मीठ कुठे ठेवलंय.