शेजारच्या राज्यात

मुलीला पाचवा महिना लागला तेव्हा मी तिच्याकडे अमेरिकेत गेले. त्याच आठवड्यात तपासणीत कळलं की बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. जन्मलं तरी ते काही तासांपलीकडे जगणार नव्हतं.

"मग आता काय करायचं?" जावयांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई उठल्या, त्यांनी खोलीचं दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या राज्याच्या कायद्यामुळे मला गर्भपात करता येत नाही. तुम्ही शेजारच्या राज्यात जा."

आमच्याकडे बायका असलं काही दबक्या आवाजात बोलतात, ते लोक ऐकतील म्हणून. ही एवढी शिकलेली बाई मात्र कायद्याला भिऊन कुजबुजत होती. मला तिचा राग आला नाही, तिचेही डोळे भरले होते. कायदा करणाऱ्यांपैकी कुणीच या खोलीत बसलेलं नव्हतं, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने निघालो. मागच्या सीटवर मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मध्येच तिने माझा हात पोटावर ओढून घेतला. बाळ हलत होतं.

तिकडे सगळं नीट पार पडलं. परतताना बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, त्याला दुखलं नसेल ना गं?"

"नाही गं, राणी."

डॉक्टरांनी तिला हेच सांगितलं होतं. पण तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.