सकाळची गोळी

मुरबाडला एसटी स्टँडजवळ आमचं मेडिकल आहे, काउंटरवर मी असते. तारीख उलटलेली औषधं कंपनीला परत जातात. किस्से दुकानातच साठतात. आता एकट्या कमलमावशीचेच घ्या.

मावशी टोकावड्याची. काका हार्टच्या झटक्यानं गेले, मग काही महिन्यांनी मुलगा मिलिंद तिला कॅनडाला घेऊन गेला. जाताना मी बीपीच्या गोळ्या बांधून दिल्या. त्या संपत आल्या तसा मिलिंदचा फोन.

"ताई, आईच्या गोळीचं नाव काय? ती म्हणते, सकाळची."

"पाकिटावर बघ की."

"पाकीट कापलेलंय. नावाचा तुकडाच नाय."

सुट्या गोळ्या देताना कापणारी मीच. गुपचूप नाव सांगितलं.

*

नुसत्या नावावर तिकडे गोळी मिळत नाही, डॉक्टरचा कागद लागतो. मिलिंदनं इथला दाखवला. दुकानदार म्हणाला, हा तर पुरुषाच्या नावाचा आहे, पेशंट कुठाय?

मावशीनं सरळ सांगितलं, "पेशंट वारला. गोळ्या चालू हायेत."

कागद काकांचा. काका गेल्यावर मावशी तोच घेऊन माझ्याकडे यायची. "मला पण हीच चालू हाय गो," म्हणायची. नियम मला माहीत होता, पण तिला नाही म्हणवत नव्हतं.

*

चारच गोळ्या उरल्या. मिलिंद घाबरला, मीही घाबरले. तिच्या नावाचा कागद मागायला आमच्या डॉक्टरांकडे गेले.

"बाईंना मी कधी तपासलंच नाय," ते म्हणाले. "घेऊन या."

"त्या कॅनडात आहेत."

"बरं. मग सोमवारी आणा."

*

शेवटी तिकडच्याच एका डॉक्टरीणबाईंनी वेळ दिली. तपासलं, नवा कागद लिहिला, मावशीच्या नावाचा. लगेच तिचा व्हिडिओ कॉल. "जय भीम गो. मिळाली गोळी." माझा जीव भांड्यात पडला.

"डाक्टरीण लय चौकश्या करते," मावशी सांगायला लागली. "गोळी कशी घेता, विचारलं. मी बोलली, एक दिवसाआड."

"एक दिवसाआड? मावशी, ती रोजची गोळी आहे."

"रोजचीच. पण कागद एक, माणसं दोन. एक दिवस ते घ्यायचे, एक दिवस मी. तीच सवय ऱ्हायली."

महिन्याच्या तीस गोळ्या काकांच्या हातात मीच द्यायचे.

"आता रोज घेते," मावशी म्हणाली. "त्यांना पण रोज पायजे होती, नाय गो?"