सोमलिंगअप्पांचा डावा तळहात

धारूरच्या बाजारात सोमलिंगअप्पांच्या कापड दुकानाची ख्याती होती. अप्पांनी फाडलेलं कापड सुताइतकंही तिरपं जात नसे. दुसरी ख्याती त्यांच्या कॅमेऱ्याची. समाजातलं लग्न, बारसं, बसवजयंतीची मिरवणूक, काहीही असो, अप्पा गळ्यात कॅमेरा अडकवून सगळ्यांच्या आधी हजर. फोटोचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. नवरीच्या बापापेक्षा अप्पांनाच लग्नाची घाई, असं लोक म्हणायचे आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

अशा माणसाने साठी जवळ आल्यावर एकाएकी लग्नात कॅमेरा नेणं बंद केलं. कापड फाडायची कात्री मुलाच्या, केदारनाथच्या, हातात दिली. आणि बीडच्या कॅमेऱ्याच्या दुकानात खेपा घालायला सुरुवात केली. गावाने याचा आपल्या सोयीने अर्थ लावला, की म्हातारपणी शौक वाढला.

शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले बद्रीनाथ हे अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी भर बाजारात विचारलं, "काय बे सोमलिंग, बायको जुनीच चालती अन् कॅमेरा मातर नवा लागतो तुला?"

अप्पा हसले. हसताना त्यांनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. हल्ली तो हात बहुतेक वेळ खिशातच असायचा.

बीडच्या दुकानाचा मालक रवी हा तरुण पोरगा. गिऱ्हाइकाचं तोंड बघून कॅमेरा काढण्यात पटाईत, पण अप्पांपुढे त्याचा अंदाज चुकायचा. त्याने चांगल्यातला चांगला कॅमेरा काचेवर ठेवला, तरी अप्पा तो हातात घेण्याआधी विचारायचे, "वजन किती भरंल?"

"अप्पा, फोटो बघा ना कसा येतोय. वजनाचं काय, डोक्यावर वाहायचाय का?"

"तरी बी. अन् समजा, हात हालला तर?"

"ह्याच्या आतच सोय हाय. हात हालला तरी फोटो सावरून घेतंय ते. पण तुमचा हात कशाला हालंल?"

"माझा न्हाई रे. सहज इचारलं."

अप्पांना नायगावच्या मोरांचे फोटो काढायची फार दिवसांची इच्छा. रवीला ते ठाऊक होतं. त्याने लांबचं टिपणारी एक दणकट लेन्स लावून दिली आणि म्हणाला, "रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरा." अप्पांनी डोळा लावला. पाटी एका जागी ठरेना. अक्षरं थरथरत होती, चौकटीतून निसटत होती, परत येत होती. अप्पांनी कोपर काचेवर टेकवलं, श्वास रोखला, तरी तेच. त्यांच्या कपाळावर घाम आला. "लई जड हाय," म्हणून त्यांनी लेन्स काचेवर ठेवली, ती जरा आपटलीच. शेवटी त्यांनी दुकानातला सगळ्यात हलका मिररलेस कॅमेरा घेतला, आखूड लेन्स घेतली आणि ट्रायपॉड मात्र सगळ्यात भारीतला. लेन्समध्ये काटकसर करून ट्रायपॉडवर उधळपट्टी करणारं असलं गिऱ्हाईक रवीने पाहिलं नव्हतं. त्याने तो गुमान बांधून दिला.

खरी गोष्ट अप्पांनी कुणाला सांगितली नव्हती. कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताने दाबतात म्हणून नाव उजव्याचं होतं, पण भार असतो तो डाव्यावर. डावा तळहात उताणा करून लेन्सच्या खाली धरायचा. आणि लिंगायत माणसाच्या डाव्या तळहाताला त्याहून मोठं काम असतं. रोज सकाळी आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून त्याच तळहातावर ठेवायचं. विभूती लावायची, पाण्याचे थेंब सोडायचे, बेलाचं पान वाहायचं आणि नजर लिंगावर ठेवून बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. अप्पांनी पोरवयात दीक्षा घेतल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता.

मागल्याच्या मागल्या श्रावणात एकदा पूजेला बसल्यावर लिंगावरचं बेलाचं पान हलताना दिसलं. अप्पांना वाटलं, पंखा. उठून पंखा बंद केला. पान हलतच होतं.

त्या दिवसापासून अप्पांनी पंख्याला दोष देणं सोडलं. कारण त्यांनी हे सगळं एकदा पाहिलेलं होतं. त्यांचे वडील, गावाचे थोरले अप्पा, यांचाही हात असाच थरथरायचा. एका सकाळी घरची सगळी माणसं ओसरीवर असताना त्यांच्या तळहातावरून लिंग निसटलं, फरशीवर टणकन वाजलं आणि कपाटाखाली गेलं. सोमलिंगांनी पोटावर सरपटत जाऊन ते काढून दिलं. थोरल्या अप्पांनी ते गळ्यात बांधलं आणि त्यानंतर पुन्हा कधी हातावर घेतलं नाही. पूजेवाचून घास न घेणारा माणूस. आईने पुढ्यात ताट सरकवलं की मान खाली घालून दोन घास गिळायचे, आपल्याच घरात चोरून खाल्ल्यासारखे. वर्षही काढलं नाही त्यांनी. घरात त्या गोष्टीचा शब्द कुणी उच्चारला नाही.

आता आपली पाळी, हे अप्पांनी मनाशी धरलं. मरणाचं भय त्यांना फारसं नव्हतं. भय होतं त्या टणकन आवाजाचं. ते देवघराचं दार आतून लावून पूजेला बसू लागले. रोज उठल्याबरोबर पांघरुणातच हात पुढे धरून बघायचे आणि काल कमी होता की आज, याचा हिशेब लावत बसायचे. डॉक्टरकडे जायचा विचार आला की दुकानातलं दुसरंच काम काढायचे. डॉक्टरने एकदा तोंडाने सांगितलं की ते खरंच होणार, असा त्यांचा विचित्र समज.

कॅमेरा मात्र सोडवत नव्हता. जिथे माणसं तिथे हाताकडे बघणारे डोळे, म्हणून अप्पा माणसं नसलेल्या जागा हुडकू लागले. किल्ल्याच्या पुढच्या दाराला सहली येतात, तर हे मागच्या अंगाने सीताफळीच्या झुडपांतून जायचे. माळावरचे वीरगळ, आटत आलेला पाझर तलाव, बालाघाटाच्या कपारीतली ओसाड मंदिरं. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा, टायमर लावायचा आणि दोन्ही हात मागे बांधून उभं राहायचं. जे हलत नाही त्याचाच फोटो. केदारनाथने ते फोटो मोबाइलवरून जगाला दाखवले आणि अप्पांची कीर्ती पसरली. गर्दीपासून दूरच्या जागा शोधणारा माणूस, काय नजर, काय स्थिरता. पुण्याहून कुणी विचारलं, हा फोटो हातात धरून काढला का? अप्पांनी दिवसभर मोबाइल बंद ठेवला.

आणि मग एका संध्याकाळी ज्वारीची भाकरी थापता थापता अप्पांच्या पत्नी दानम्मा म्हणाल्या, "उद्या मी बी येते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाई कधी फोटोच्या वाटेला गेल्या नव्हत्या. अप्पांचा घास हातातच राहिला.

"कुठं?"

"तुमी जाता तिकडं. तेलगावच्या वाटंला बारव हाय म्हणता ना?"

"लई चढ हाय."

"बारवंला चढ कसला? पायऱ्या उतरूनच जायचं असतं की."

"साप असत्यात."

"तुमाला चावले न्हाईत आजवर. सकाळी लौकर निघू. आंघोळ करून जाऊ अन् पूजा तिथंच करू. पाणी हाय, निवांत हाय. बेल मी घेते संगं."

गळ्यातलं लिंग गळ्यातच असतं, पूजा कुठेही करता येते, त्याला नाही म्हणायला जागाच नव्हती. आणि बारवेला आतून लावायला दार नसतं.

सकाळी स्कूटी काढली. हँडल घट्ट धरलं की हात गुमान राहायचा, त्यामुळे घाट उतरेपर्यंत जीव जाग्यावर होता. दानम्मा मागे बसून वेचणीला आलेल्या कापसाबद्दल बोलत होत्या. अप्पा हूं हूं करत होते. एकीकडे मनात मसुदा चाललेला. पोटात दुखतंय म्हणावं का? गाडी पंक्चर झाली म्हणावं? पण पोटदुखीला बाईंकडे ओवा असणार आणि पंक्चर तर त्या खाली उतरून बघणार.

बारव जुनी, काळ्या दगडाची, चारी बाजूंनी पायऱ्या. तळाशी हिरवं पाणी, वर एक पिंपळाचं रोप. आसपास चिटपाखरू नव्हतं. अप्पांनी ट्रायपॉड उघडला. एक पाय लांब केला, मग आखूड केला. लेन्स पुसली. भरलेली बॅटरी काढून दुसरी भरलेली बॅटरी घातली. दानम्मा पाण्याजवळच्या पायरीवर कापड अंथरून, तांब्या भरून बसल्या होत्या.

"झालं का?"

"जरा उजेड येऊ दे."

"आलाय उजेड. बसा."

अप्पा बसले. डबी उघडताना तिचं झाकण किणकिणलं. डावा हात त्यांनी बरगडीशी दाबला, कोपर मांडीवर रोवलं, रवीच्या दुकानात केलं तसा श्वास सोडून मधेच थांबवला. लिंग तळहातावर ठेवलं. विभूती लावली. क्षणभर वाटलं, आज निभलं. मग बेलाचं पान वाहिलं आणि पान थरथरायला लागलं.

जितकं दाबून धरावं तितकी थरथर वाढत गेली. पाण्याचा थेंब सोडला तो मनगटावरून ओघळला. तळहात ओला झाला आणि लिंग बोटांकडे सरकलं. अप्पांना फक्त खालचं हिरवं पाणी दिसत होतं. इथे कपाटही नाही. गेलं की गेलं. उजवा हात पुढे करायचं त्यांना सुचेना. त्यांचे डोळे आपोआप मिटले.

आवाज आला नाही. हाताला खालून काहीतरी टेकलं. खरबरीत, कोमट. दानम्मांनी आपला तळहात त्यांच्या तळहाताखाली लावला होता आणि दुसऱ्या हाताने लिंग हळूच मधे सरकवलं होतं. त्यांची स्वतःची डबी अजून गळ्यातच होती. त्या पूजेला बसल्याच नव्हत्या. वाट बघत होत्या.

"म्हंजी दिसलं तुला," अप्पा म्हणाले.

"त्याला आज कशाला पायजे? रोज तुमच्या पाटाखालचं पाणी कोण पुसतं? बेल पार उंबऱ्यापोतर पडलेला असतो. पंखा तर बंद असतो."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी आतून कडी घालत होता. कडीतून काय बोलायचं?" दानम्मांनी हात काढला नाही. "त्या कॅमेऱ्याला तीन पाय लावले, तवा न्हाई तुमाला लाज वाटली. हाताखाली हात घ्यायला वाटती?"

अप्पांना ओसरी आठवली. आई होती, दोन चुलते होते, आपण स्वतः होतो. कपाटाखाली सरपटत गेलो, लिंग काढलं, पुसून दिलं. पण थोरल्या अप्पांच्या हाताखाली हात धरावा हे त्या भरल्या घरात एकालाही सुचलं नाही. एवढीच तर गोष्ट होती. अप्पांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही. इथे बघायला दुसरं कुणी नव्हतंच.

पूजा झाली. पान शेवटपर्यंत थोडं थोडं हलत होतं, लिंग मात्र जाग्यावर राहिलं. मग दानम्मांची पूजा झाली, तोवर अप्पा तांब्या धरून बसले. तांब्यातलं पाणीही हललं. त्यांनी तो लपवला नाही. कॅमेरा आपल्या तीन पायांवर बारवेकडे तोंड करून उभा होता. त्याचं बटण दाबायचं राहूनच गेलं.

भाकरीचं फडकं सोडताना दानम्मा म्हणाल्या, "सोमवारी अंबाजोगाईला जायचं, मोठ्या दवाखान्यात. केदारला गाडी काढायला लावते."

"केदारला सांगणार?"

"मग? गाडी काय मी चालवू?"

अप्पांनी चटणीत भाकरी बुडवली. घास तोंडापर्यंत नेताना हात हलला, चटणी सदऱ्यावर सांडली. त्यांनी ती पुसली. मग हळूच म्हणाले, "तिथं लई गर्दी असती."

"असती," दानम्मा म्हणाल्या. "बसू गर्दीत."