लूमच्या पट्टीचं कॅरिअर

"ग्रॅव्हल बाईक घेण्यासारखी असते का हो?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. विचारणारे बहुतेक ठाण्या-कल्याणचे असतात, ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळवलेले. भिवंडीत टेमघरच्या एका गल्लीत एका मुलीकडे तसली सायकल आहे, एवढंच त्यांना कळलेलं असतं. मी 'सवडीनं सांगते' म्हणते आणि सांगायचं राहून जातं. उत्तर द्यायचं तर शेजारच्या आपाचे सहा दिवस सांगावे लागतात, आणि तेवढं ऐकायला फोन केलेला नसतो.

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हँडल खाली वळलेलं, बसणारा पुढे वाकलेला. टायर मात्र जाड, खडी-मातीवर चालणारे. बाहेरच्या देशांत म्हणे लोक डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीचा रस्ता शोधतात, त्यांच्यासाठी ती बनवली. आमच्याकडे शोधायची गरज नाही. वळ गावच्या गोदामांकडे जाणारा रस्ता काँक्रीट करायला म्हणून खणला होता आणि तसाच खणलेला राहिला होता. कंटेनर त्यावरून डुलत जायचे, माणसं कडेकडेनं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. आई त्यांच्या घड्या घालायची. उरलेल्या पत्रकांवर आम्ही भाकरी ठेवायचो, पाठच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. शाळेत 'मालक' आणि 'मालकी' हे शब्द मी कुणाच्याही आधी बिनचूक लिहायला शिकले. पुढे छापखान्यात नोकरी लागली तेव्हा बाबांची पत्रकं मीच जुळवायला लागले, मग मीच लिहायलाही लागले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पत्रकात 'आम्ही' असतं, 'तुम्ही' असतं, 'ते' असतात. 'मला हवंय' हे शब्द कुठल्याच पत्रकात बसत नाहीत.

मला ती सायकल हवी होती. कारणं सांगायची तर होती. पडघ्याच्या बाजूच्या पाड्यांवर मी पत्रकांसाठी माहिती लिहून घ्यायला जायचे, तिथले रस्ते कच्चे, बस हमरस्त्यावर सोडते. पण खरं सांगायचं तर एका माणसाला ती चालवताना पाहिली आणि मला ती हवीशी झाली. दोन वर्षांनी त्याच माणसाकडून मी ती जुनी म्हणून घेतली. किंमत घरात सांगितली नाही, अजूनही सांगणार नाही.

बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. कामगारानं नव्या मशिनभोवती मारावी तशी.

"कॅरिअर?"

"नसतं याला."

"स्टँड?"

"नसतो."

"मडगार्ड पण नाय. मग उभी कशी करायची?"

"भिंतीला टेकवायची."

"म्हणजे भिंत पण आपणच द्यायची," बाबा म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. बाबांची काळी सायकल जिन्याखाली असायची, बिनकुलपाची. ज्याला लागेल त्यानं दाराशी येऊन "सायकल नेतोय" एवढी हाक मारायची आणि न्यायची. विचारायचं नाही, सांगायचं. विचारलं तर बाबांना राग यायचा. एका जुन्या संपात ती सायकल पत्रकं वाटत रात्रंदिवस गल्लीभर फिरली होती, ती कुणाची हे तेव्हाच विसरलं गेलं, असं ते म्हणत. त्या सायकलवर बायका दवाखान्यात गेल्यात, गॅसचे सिलिंडर आलेत, एकदा नवरदेवसुद्धा आलाय.

माझी सायकल आली त्याच दिवशी मी तिला साखळी आणि कुलूप घातलं. जिन्याखाली लागलेलं ते पहिलं कुलूप.  बाबांनी भाषण केलं असतं तर मी भांडले असते, माझ्याकडेही मुद्दे होते.

सहा महिने मी ती मनसोक्त चालवली. सकाळी छापखान्याआधी वळच्या बाजूनं निघायचं, गोदामांच्या लांबलचक पत्र्याच्या भिंती, मधेच एखादं उरलेलं भाताचं खाचर, त्यात एखादा बगळा. खडी टायरखाली कुरकुरायची आणि सायकल घसरायची नाही. कुणाशी बोलायचं नाही, कुणासाठी काही न्यायचं नाही. ज्या घरात ताटसुद्धा पाहुण्याचं असतं त्या घरातल्या मुलीला याचं काय वाटतं ते मी पत्रकात कधी लिहू शकले नसते. सायकल चांगली होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला उलटं वाटेल.

आपा आमच्या शेजारची. तिचं घर कोकणी मुसलमानांचं, भिवंडीत आमच्यापेक्षा कितीतरी जुनं. पन्नाशीच्या अलीकडची, एकटी. वीस वर्षं ती एकाच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांडीवर चक्रीनं सूत गुंडाळायची. यंदा मालकानं लूम भंगारात काढले. त्यांच्याबरोबर आपाचं कामही गेलं. मग तिला वळच्या एका गोदामात पॅकिंगचं काम मिळायची शक्यता दिसली. अट एवढीच : सोमवार ते शनिवार सहा दिवस बघणार. आठला गेट बंद. सहापैकी एक दिवस जरी उशीर झाला तर दुसरी बाई घेणार.

जिथून देशभरची पार्सलं मिनिटाच्या हिशेबानं सुटतात, तिथे कामाच्या माणसानं पोचायचं कसं ते ज्याचं त्यानं बघायचं. शेअर रिक्षा नाक्यावर सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि खणलेल्या रस्त्यावर अर्ध्यातच उतरवते. चालत गेलं तर दीड तास. आपाला सायकल येत होती, लहानपणी कारखान्याच्या अंगणात भावांच्या सायकलवर शिकलेली.

सोमवारी सकाळी सातला दाराशी हाक आली, "सायकल नेतेय गं." मंगळवारी आली. बुधवारी आली. बुधवारी संध्याकाळी आपा काळी सायकल हातानं ढकलत घरी आली. चाक चरात गेलं होतं, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला होता आणि आपाचं कोपर सोललं होतं. सायकलवाल्यानं सांगितलं, चिमटा कल्याणहून आणावा लागेल, रविवारशिवाय होणार नाही.

हे सगळं मला माहीत होतं. त्या रात्री जेवताना बाबांनी सांगितलंही. मी 'हं' म्हणाले.

गुरुवारी सातला हाक आली. "सायकल नेतेय गं." त्याच आवाजात, जिन्याखाली एकच सायकल आहे असं मानून नव्हे, तर जिन्याखाली जी आहे ती आपलीच आहे असं मानून. मग साखळीचा आवाज झाला. एकदा. मग पुन्हा एकदा. मी अंथरुणात जागी होते. गिअर तिला माहीत नाहीत, ब्रेक वेगळे आहेत, खरचटेल, असं सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि एकेक खरं होतं. आपा परत वर आली नाही. किल्ली मागणं म्हणजे विचारणं, आणि आमच्या गल्लीत विचारायचं नसतं. तिच्या चपलांचा आवाज गल्लीतून लांब गेला.

बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलंसुद्धा नाही.

मी उठले, तशीच खाली गेले, कुलूप काढलं आणि सायकल काढली. आपा नाक्यावर रिक्षात बसलेली सापडली. आत ती आणि एक माणूस, रिक्षावाला तिसऱ्या-चौथ्याची वाट बघत बिडी ओढत होता.

"आपा, उतर."

"कशाला? होईल भरती आत्ता."

"उतर. ही ने."

ती उतरली. सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

"एवढं वाकून चालवायची? खाली काय पडलंय शोधायला?"

"वरून धर, असं. हा खटका आत दाबला की हलकं होतं."

"आणि घंटी?"

"घंटी नाहीये."

"मग लोकांना काय, आवाज देऊ?"

"मी तरी तसंच करते."

रिक्षावाला म्हणाला, "आपा, इस पे बैठ के तो आप सीधा ऑलिंपिक जाओगे." आपा म्हणाली, "तू पहले वळ तक तो जा के दिखा." ओढणी तिनं कमरेला गाठ मारून बांधली, डब्याची पिशवी हँडलला लटकवली आणि निघाली. पहिले दहा हात नागमोडी, मग सरळ. मला तिच्या मागे बसून जाता आलं नसतं, तिला माझ्या मागे नेता आलं नसतं. एवढी महागाची सायकल आणि एकाच माणसाची. मी घरापर्यंत चालत आले, वाटेत मला हे पहिल्यांदाच सुचलं.

ती पोचली, आठला पाच कमी असताना.

शुक्रवारी किल्ली मी जिन्याखालच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. हाक आली, सायकल गेली. पण वाटेत डब्याची पिशवी झोका घेऊन पुढच्या चाकात अडकली. आपा पडता पडता वाचली, डबा चरात गेला. गेट लावायला वॉचमननं हात घातला होता तेव्हा ती आत घुसली. दिवसभर उपाशी. संध्याकाळी हे तिनं हसत हसत बाबांना सांगितलं. मी छापखान्यातच होते.

रात्री घरी आले तर जिन्याखाली माझी सायकल आपल्या पायावर उभी होती. तिला स्टँड होता. मागे कॅरिअर होतं, लोखंडी पट्ट्यांचं, भक्कम. जिथे पट्ट्या सांगाड्याला जोडल्या होत्या तिथला रंग वीतभर जळून काळा पडला होता. गल्लीच्या टोकाला लूमचे सुटे भाग दुरुस्त करणारा फिटर आहे. बाबांनी त्याच्याकडून वेल्डिंग करून घेतलं होतं. सांगाडा पोलादी म्हणून टिकला, ॲल्युमिनियमचा असता तर त्या फिटरनं भोक पाडलं असतं.

मी वर जाऊन जे बोलले ते सगळं आठवतं, लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "मला विचारलंत का?"

"हाक मारली होती," बाबा म्हणाले. "दाराशी उभं राहून. 'सायकल नेतोय' म्हणून. तू घरात नव्हतीस."

"हे नेणं आहे? ही जाळून आणलीत तुम्ही."

"उद्या शेवटचा दिवस आहे तिचा. पिशवी परत चाकात गेली तर?"

"तो मुद्दा वेगळा आहे."

"मग काढ पत्रक माझ्याविरुद्ध," ते म्हणाले. चिडून नाही. पत्रकं जुळवायचं काम मीच करते, हे त्यांना माहीत होतं.

भिंती पातळ आहेत. आपा दारात येऊन उभी राहिली. "बेटा, माझ्यापायी झालं. उद्या मी पाचलाच निघते, चालत जाते."

तिला वाटलं ती मला समजावते आहे. दीड तास चालायचं आणि मग दहा तास उभ्यानं खोकी भरायची, सोललेल्या कोपरानं. आणि नंतर चालतच परत. ती जाईल हे मला माहीत होतं. यापुढे ती जिन्याखालच्या कुठल्याच सायकलसाठी हाक मारणार नाही, हेही कळत होतं. तिचं काम टिकेल की नाही हा शनिवारचा प्रश्न होता, पण हाक बंद पडली असती तर ती माझ्यामुळे पडली असती.

शनिवारी मी पावणेपाचला उठले. साखळी आणि कुलूप वर आणून कपाटात टाकलं. मग आपाच्या दाराशी जाऊन हाक मारली, "आपा, सायकल नेतेय. वळला. येतेस?"

ती चप्पल घालत होती. "मागं बसू? तुटेल."

"लूमची पट्टी आहे."

तिनं वाकून बघितलं, बोट फिरवलं. "आमच्याच कारखान्यातली," ती म्हणाली. "ही भोकं बघ, इथं बोल्ट असायचे. भंगारवाल्याकडून उचलली असणार फिटरनं." वीस वर्षं ज्याच्या शेजारी बसून तिनं कांड्या भरल्या त्या लोखंडावर ती एका बाजूला पाय सोडून बसली, डबा मांडीत, एक हात माझ्या कमरेला.

ग्रॅव्हल बाईक दोघांसाठी नसते. पुढचं चाक हलकं होत होतं, चढाला माझी छाती फुटायची पाळी आली, आणि खणलेल्या भागात आपा उतरून चालली, पुन्हा बसली. पण टायर घसरले नाहीत. आपा मागून रस्ता सांगत होती, "डावीकडून घे, तिथं चर आहे. तिथं मी पडले." आम्ही गेटवर सव्वासहालाच पोचलो. वॉचमन म्हणाला, "इतनी जल्दी? अभी तो गेट खुला ही नहीं."

"तो बैठते हैं," आपा म्हणाली. स्टँड लावला, सायकल उभी राहिली, आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो.

तिला काम मिळालं. काळ्या सायकलचा चिमटाही आला. आता जिन्याखाली दोन सायकली असतात, दोन्ही बिनकुलपाच्या, आणि सकाळी सातला कुठली जागेवर असेल ते मला सांगता येत नाही. काही रविवारी मला एकटीला जायचं असतं आणि माझी गेलेली असते. तेव्हा मी चिडते, खूप चिडते, आणि कपाटातलं ते कुलूप मी अजून फेकलेलं नाही.

गेल्या आठवड्यात फोन करणाऱ्यांपैकी एक जण सायकल बघायलाच आला. वाकून, बसून, टायर दाबून बघितले. मग कॅरिअरकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काढता येईल ना?"

"नाही," मी म्हणाले. "जोडलंय."

तेवढ्यात वरून हाक आली, "सायकल नेतेय गं," आणि त्याला बाजूला व्हावं लागलं.