डबा पोचवायला खाबुऱ्याला

मस्कतच्या विमानतळावर तपासणीवाल्याने माझ्या बॅगेतला लाकडी डबा उघडला, बेसनाचे लाडू पाहिले आणि बंद केला. मी त्याला एक देऊ केला. त्याने घेतला नाही.

डब्याची हकिकत अशी. इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांशी जमिनीसाठी आणि सोन्यासाठी लढाई केली. जमीन आधी कुणाची होती, हे दोघांनीही विचारलं नाही. पकडलेले बोअर इंग्रजांनी जहाजात घालून आमच्या नगरला आणून कोंडले. पणजोबा त्या छावणीत दूध घालायचे. एका कैद्याने स्वतः कोरलेल्या डब्यातून त्यांना साखर दिली. आता रिकामा डबा परत कसा द्यायचा? पणजीने लाडू करायला घेतले, तोवर कैदी सुटून गेलेसुद्धा. तेव्हापासून घरात त्या डब्याची लाज. वडील जाताना एवढंच म्हणाले, "डबा पोचव गं बाई."

माझा भाचा संदीप मस्कतमध्ये, हमरियात राहतो. त्याच्या ओळखीत एक बोअर निघाला, किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला काम करणारा हेंद्रिक.

"आत्या, डबा त्याच्याच घरचा कशावरून?"

"गाववाला तर आहे ना? देईल पोचवून."

"यल्ला (चला)," म्हणत संदीपने गाडी काढली.

वाटेत कहवा (वेलचीची कॉफी) घेतला. मी साखर मागितली, दुकानदाराने खजूर दिला. पुढे खाबुऱ्यापर्यंत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खजुरीच्या बागा. संदीप सगळा वेळ फोनवर.

हेंद्रिक एका बागेत पाण्याचे पंप सांभाळतो. साठीचा, उन्हाने भाजलेला, हाफचड्डीत. संदीपने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. हेंद्रिकने झाकण उलटं केलं. आतल्या कोरीव ओळी म्हणजे कैद्याचा पत्ता, असं आम्ही धरून चाललो होतो. भाषा त्यांची, वाचणार कोण?

त्याने बोट फिरवत वाचलं आणि संदीपला इंग्रजीत अर्थ सांगितला. मग संदीपने मला मराठीत सांगितलं, "आत्या, लिहिलंय, 'दूधवाल्याला भेट. डबा आता तुमचा.'"

अगं बाई! चार पिढ्या आम्ही उगाच मान खाली घालून बसलो. मला हसू आलं आणि रडूही. वडील हवे होते.

हेंद्रिकने लाडू ताटलीत काढले, एक खाल्ला, रिकामा डबा माझ्यापुढे धरला आणि थबकला. आत जाऊन त्यात घरी भाजलेली जाड बिस्किटं भरून आणली.

"आमची आजीही रिकामं भांडं देत नसे," म्हणाला.

नगरला आल्यावर डबा वडिलांच्या फोटोपुढे ठेवला. बिस्किटं चहात बुडवल्याशिवाय चावता येत नाहीत.

"पोचवला हो, बाबा," मी म्हटलं. "आणि परत आणला. आपलाच होता."