हेमचंद्रची बिनखिळ्याची होडी

हेमचंद्र म्हणजे आमच्या सातासमुद्रापारच्या बॉथेल गावातल्या मराठी मंडळातला इतिहासाचा ठेकेदार. आठवडाभर सॉफ्टवेअरमधले बग शोधायचे आणि शनिवारी पॉटलकला येऊन पूर्वजांची टिमकी वाजवायची. "दोन हजार वर्षांपूर्वी आपले लोक अरबस्तानापर्यंत माल घेऊन जायचे! होडीला एक खिळा नाही! फळ्या काथ्याने शिवलेल्या!" आमची पावभाजी गार व्हायची, पण ह्याचं गलबत काही किनाऱ्याला लागायचं नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात स्वारीने जाहीर केलं, की तशीच होडी शिवून नारळी पौर्णिमेला लेकमध्ये सोडणार. ती तरंगली की पुढच्या वर्षी मंडळाचं अध्यक्षपद आपलंच, हा हिशेब.

त्याच सुमारास त्याचे वडील, श्रीरामअप्पा, देवगडहून आले. "अप्पा पोर्टात ऑफिसर होते," अशी त्याने सगळ्यांना ओळख करून दिली. अप्पा नुसते हसले.

एकदा मी त्याच्या बायकोचा, कांचनचा, डबा परत द्यायला गेले, तर अप्पा गॅरेजच्या दारात उभे राहून होडीकडे बघत होते. मला हळूच म्हणाले, "शिवण बरी घातलीय. पण डोक्याला लावायचं खोबरेल चोपडलंय हो! माशाचं तेल आणि राळ लागते. आणि आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायला हवी. लाकूड फुगलं की सांधे मिटतात."

"तुम्हाला कसं माहीत, अप्पा?"

"चाळीस वर्षं दुसरं केलंय काय? खाडीवर होड्या बांधल्या. ह्याचं इंजिनिअरिंग त्यावरच झालं. पण कुठे बोलू नका हां, बाय. त्याला कमीपणा वाटतो."

माझं डोकंच फिरलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार ह्याला वंदनीय, आणि घरातला लपवायचा! मेल्याला लाज कशी वाटत नाही?

मी हेमचंद्रला गाठून म्हटलं, "अरे, अप्पांना एकदा विचार ना."

"काहीतरीच काय! माशाच्या तेलाचा वास मारेल. कमिटीतले निम्मे लोक प्युअर व्हेज आहेत. आणि मी रिसर्च केलाय यार."

घ्या! शाकाहारी होडी!

त्या वर्षी नारळी पौर्णिमा चक्क रविवारी आली, त्यामुळे पार्किंगला जागा उरली नाही. हेमचंद्र धोतर, फेटा आणि वर नारिंगी लाइफ जॅकेट घालून होडीत चढला. नारळ वाढवला, टाळ्या झाल्या. होडी वीस हात गेली असेल नसेल, सगळ्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. फेट्याने पाणी उपसता उपसता तो कमरेपर्यंत भिजला. पाण्यावर खोबरेलाचा तवंग पसरला. मी मनसोक्त हसले, खोटं कशाला बोलू?

मग तो ओरडला, "अप्पा! अप्पा, काय करू?"

अप्पा चपला काढून गुडघाभर पाण्यात शिरलेसुद्धा. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी चंद्रशेखर म्हणाले, "काका, तुम्हाला ह्यातलं काही कळतं का?"

अप्पा थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बोल ना रे, आता तरी बोल, असं मला झालं होतं. हेमचंद्रने मान खाली घातली आणि तो पुन्हा पाणी उपसायला लागला.

अप्पा मागे फिरले. चपला पायात सरकवत म्हणाले, "छे हो. मी पोर्टात ऑफिसर होतो."